दत्तूचं नाक

सातपूरला आमचं लेझर कटिंगचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, तोरणं, गणपतीची मखरं. मशीन चालवतो माझा धाकटा भाऊ दत्तू. सायखेड्याहून मीच आणलं त्याला. त्याच्या शेजारी कॉम्प्युटरवर डिझाइन करते माझी रोशनी. दोन वर्षं झाली, पोरीची छाती वाजते. पंप ओढल्याशिवाय तिला घरचा जिना चढवत नाही. धूळ म्हटलं, थंडी म्हटलं, कबुतरं म्हटलं. तीन डॉक्टर झाले, नवस झाला. गुण म्हणून नाही. जीव टांगणीला लागलाय माझा.

परवा मशीन अडखळायला लागलं म्हणून मयूर मेकॅनिक आला. झाकण उघडून म्हणाला, "काकू, दांडे गंजलेत सगळे. तुम्ही पीव्हीसी कापताय."

"शुद्धीवर आहेस ना?" मी उसळलेच. "अरे, दत्तू प्रत्येक शीटचा कोपरा जाळून हुंगतो. गोडसर वास आला तर ॲक्रेलिक, झोंबला तर पीव्हीसी, शीट परत. आजवर चुकला नाही तो!"

"मग हे लोखंड कशानं खाल्लं? पीव्हीसी लेझरखाली जळलं की ॲसिडचा धूर निघतो. लोखंडाची ही गत, तर छातीचं काय होत असेल?"

एरवी दिवसभर वटवट करणारा दत्तू खाली मान घालून स्क्रू चाळत बसलेला. तशीच वर घरात गेले आणि हिंगाची डबी घेऊन आले.

"डोळे मीट. कसला वास येतोय, सांग."

त्यानं श्वास ओढला. पुन्हा ओढला. "लवंग?"

लवंग! अरे मेल्या, झाकण काढलं की घरभर सुटतो तो हिंग!

"करोनात गेला वास, ताई. परत आलाच नाय."

"इतकी वर्षं? आणि इतकी वर्षं तू नुसती हुंगायची सोंगं केलीस?"

"तूच समद्यांना सांगायचीस, दुकान दत्तूच्या नाकावर चालतं. मग कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, येईल आज ना उद्या. डोळे चुरचुरायचे, पण ते ॲक्रेलिकनं बी चुरचुरतात."

तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. आमचा आवाज ऐकून रोशनी खाली आली आणि धापा टाकत दारात उभी राहिली. या भाचीला त्यानं खांद्यावर घेऊन आख्खी यात्रा दाखवली होती. आता तिच्याकडे बघवेना त्याला.

"माझ्यामुळं झालं का गं हिचं असं?" तो रडायलाच लागला.

"मग काय माझ्यामुळे?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच माझी नजर मधल्या काचेच्या दारावर गेली.

कारण मी पुढे गल्ल्यावर बसते. कितीदा तरी तो आंबूस, घसा खरवडणारा वास माझ्यापर्यंत यायचा. दत्तूनं हुंगलंय ना, मग ठीकच असेल, म्हणायचे. नाकाला पदर लावायचे आणि मधलं काचेचं दार घट्ट ओढून घ्यायचे. रोशनी दाराच्या आत असायची.