चामड्याच्या चड्डीतली फेरी

आमच्या ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये स्लॅलमवाला, म्हणजे बर्फाच्या उतारावर खांबांमधून नागमोडी स्की करत शर्यत लावणारा, निवृत्त होतो तो चामड्याची अर्धी चड्डी घालून. शेवटची फेरी तो रमतगमत उतरतो, मध्येच थांबून कडेच्या माणसांना मिठ्या मारतो, कुणी पुढे केलेला घोट घेतो आणि हात हलवत खाली येतो. वेळ गेली खड्ड्यात. माझ्या नवऱ्याची, कासियानची, ही फेरी बघायला मी कित्येक हिवाळे थांबले होते. गोठा, खानावळ आणि दोन पोरी एकटीने सांभाळून माणूस थकतो हो.

यंदाचा हंगाम तर नुसता वनवास. वेंगेनला स्कीचं टोक खांबाच्या चुकीच्या बाजूने गेलं, बाद. कित्झब्यूललाही तेच. श्लाडमिंगला पहिल्या फेरीतच घसरून पडला. मार्चमधल्या शेवटच्या शर्यतीआधी तोच म्हणाला, "बुर्गल, बास झालं आता." मी लगेच चड्डीला तेल चोळून ठेवलं. पण मनात धाकधूक होतीच. हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, आणि दर वेळी एखादी फेरी चांगली झाली की स्वारी पुन्हा डोंगरावर!

पहिल्या फेरीत तो कसाबसा तिसावा आला. दुसऱ्या फेरीत पहिले तीसच उतरतात, तेही उलट्या क्रमाने. म्हणजे तिसावा सगळ्यांच्या आधी, कोऱ्या करकरीत बर्फावर. अशा बर्फावर वेग मिळतो, आणि वेग मिळाला की हा थांबत नाही, हा धोका माझ्या लक्षातच आला नाही. मी उताराच्या मध्यावर जर्दाळूची दारू घेऊन उभी राहिले. शेजारी त्याचा प्रशिक्षक विगिल, मिठीसाठी हात पसरून.

कासियान वरून निघाला. उघडे गुडघे, लोकरीचे मोजे. पहिल्या दोनचार खांबांपर्यंत त्याने लोकांना हात केले. मग हात खाली आले आणि पाठ वाकली.

"अगं, हा थांबायचं नाव घेत नाहीये," विगिल म्हणाला.

"थांबेल. माझ्यापाशी थांबेल."

कुठलं काय! खांब फटाफट आडवे करत तो माझ्या समोरून गेला आणि सगळा बर्फ माझ्या तोंडावर. विगिलचे हात पसरलेले ते पसरलेलेच. दारू मीच पिऊन टाकली. खरं सांगते, त्याला इतकं सुंदर उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मी ओळखलं. गेला हा पुन्हा हातातून.

आम्ही खाली पोचलो तेव्हा कासियान तोवरच्या पहिल्या क्रमांकाच्या जागेवर उभा होता. खांब लागून गुडघे काळेनिळे झालेले. एकेक जण उतरत होता आणि त्याच्या मागेच राहत होता. गावची मंडळी गुरांच्या घंटा बडवून वेडी झाली होती. तेवढ्यात पंच आले. म्हणाले, ही चड्डी नियमात बसत नाही, वेळ धरता येणार नाही.

विगिलने कपाळावर हात मारला. "गाढवा! शर्यतीचा सूट घालायला काय धाड भरली होती? पहिल्या दहात आला असतास!"

"सूट घातला असता तर असा उतरलोच नसतो रे."

"पुढच्या वर्षी ये. संघात जागा मी मिळवतो. तुझ्यात अजून दम आहे, सगळ्यांनी पाहिलंय."

कासियानने माझ्याकडे पाहिलं. मला भांडायचं होतं, पण खोटं कसं बोलू? "छान उतरलास," मी म्हणाले.

"बघितलंस ना तू?"

"बघितलं की. तोंडभर बर्फ खाऊन बघितलं."

तो हसला आणि विगिलकडे वळला. "पोट भरलं माझं. आता वाढू नकोस."

विगिल काही बोलायच्या आत त्याने ती जागा सोडली, नुकत्याच उतरलेल्या नॉर्वेच्या पोराशी हात मिळवला आणि स्की खांद्यावर टाकून निघाला. गाडीपर्यंत मी त्याच्यावर नजर ठेवून होते. मागे लोक ओरडत होते, कुणीतरी जिंकत होतं, पण उताराकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. आत बसला, गुडघे चोळले आणि म्हणाला, "हीटर लाव गं."