पहिल्याला क, दुसऱ्याला अ

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा, आणि दोघी एकाच शाळेत बाई. थोरलीकडे दुसरीचा वर्ग, धाकटीकडे तिसरीचा. घरी न्हाणीघर एक आणि शाळेत प्रोजेक्टर एक, त्यामुळे कुरबुरीला कारण शोधायला लांब जावं लागत नसे. पण त्या सोमवारी जे झालं त्याला कुरबूर म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात.

थोरलीने दोन वर्षं खपून गणिताचे चाळीस पाठ केले होते. पडद्यावर चित्रं हलायची, आकडे उड्या मारायचे, आणि शेवटी प्रश्न. उत्तरासाठी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नंबरचा चौकोनी पुठ्ठा, चार कडांना अ, ब, क, ड. जे उत्तर वाटेल ती कड वर धरायची. बाईंनी मोबाइल वर्गावरून फिरवला की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते हिरव्या-लाल चौकटींत पडद्यावर हजर. तोंड न उघडणारं पोरही त्यात उत्तर द्यायचं, आणि थोरलीला अभिमान होता तो याचाच.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने शिक्षकांचं पोर्टल उघडलं, तर चाळीसच्या चाळीस पाठ धाकटीच्या नावावर. चित्रं तीच, आकडे तेच, आवाज तेवढा धाकटीने स्वतःचा भरलेला. खाली लिहिलं होतं की पाठ पसंत पडले आहेत, पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब वर्ग पाहायला येतील, आणि त्यांनी होकार दिला की करणाऱ्याच्या नावासकट ते सगळ्या शाळांना जातील.

संध्याकाळी थोरलीने स्वयंपाकघरातच तिला गाठलं.

"अहो ताई, घरातलंच आहे ना," धाकटी ताटं पुसता पुसता म्हणाली. "तुमचं नाव लागलं काय न् माझं लागलं काय, आडनाव तर एकच."

"मग माझंच लागू दे की."

"आता भरलंय मी ते. बदलता येत नाही म्हणे."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी 'घरातलं घरात ठेवा' असा निकाल दिला. थोरलीचा नवरा पेपरात तोंड घालून बसला आणि जेवायची हाक येईपर्यंत वर आलाच नाही. थोरलीने त्या दिवशी डूख धरला. बोलणं तोडलं नाही, उलट जरा जास्तच गोड बोलायला लागली. धाकटीला वाटलं, चला, विसरली. माणसाने किती बिनडोक असावं त्यालाही काही सीमा असते.

पाठ चोरता आले तरी शिकवणं कुठून चोरणार? साहेब यायच्या आठवड्यात भिंतीपलीकडून घोकंपट्टी ऐकू येऊ लागली. "पहिल्याला क, दुसऱ्याला अ, तिसऱ्याला ड." चौतीस पोरं एका सुरात ओरडत होती. म्हणजे प्रश्न वाचायचाच नाही, नुसती ठरलेली कड वर करायची. थोरली अलीकडे फळा पुसत ऐकत राहिली. तिला संताप आला आणि लगोलग आनंदही झाला.

कारण ती मुलं गेल्या वर्षी थोरलीकडेच होती. पुठ्ठे वाचणाऱ्या ॲपमध्ये त्यांचे नंबर तिच्या खात्यात होते, आणि धाकटी प्रश्न त्याच खात्यातून चालवायची. एका घरात पासवर्ड कितीसा लपणार? त्या खात्यात एक बटण होतं, पर्यायांची अदलाबदल. दाबलं की प्रश्न तेच, उत्तरं तीच, पण क-वरचं जाणार ब-वर आणि अ-वरचं ड-वर. साहेब यायच्या दिवशी सकाळी थोरलीने ते दाबलं आणि हात धुऊन शाळेत गेली.

धाकटीच्या वर्गात मागच्या बाकावर साहेब आणि मुख्याध्यापिका बसले होते, त्यांच्याशेजारी तिने जागा धरली. धाकटी ठेवणीतली साडी नेसून उभी होती. पहिला प्रश्न आला, सात चोक किती? चौतीस पुठ्ठे खाडकन वर गेले. धाकटीने मोबाइल फिरवला आणि पडदा लालेलाल झाला. हिरव्या चौकटी मोजून तीन.

"नेट जरा हळू आहे," धाकटी म्हणाली.

दुसरा प्रश्न लाल. तिसराही लाल. धाकटीच्या कपाळावर घाम फुटला आणि थोरलीच्या जिवाला असा गारवा मिळाला की विचारू नका. चौथ्या प्रश्नापर्यंत पोरं पुठ्ठे हवेतच इकडून तिकडे फिरवू लागली होती.

साहेब उठले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, सात चोक किती?"

मुलीने धाकटीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"क," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकेला हसू आवरेना. थोरलीचं हसू मात्र तिथेच मेलं. गेल्या वर्षी ही मुलगी चार महिने तोंड उघडत नव्हती. पुठ्ठा हातात आल्यावर तिने आयुष्यातलं पहिलं उत्तर दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. आता ती तोच पुठ्ठा छातीशी धरून रडत होती.

"हे पाठ कुठल्याही शाळेला द्यायचे नाहीत," साहेबांनी वही उघडली. "इथेही आजपासून बंद. पोरं नुसती पुठ्ठे फिरवतायत, येत काही नाही. खडू-फळा बरा. नाव तुमचंच ना या पाठांवर?"

धाकटी मान वर करून म्हणाली, "नाव माझं लागलंय साहेब, पण खोटं कशाला बोलू? सगळे आमच्या ताईंनी केलेत. दोन वर्षं खपल्यात त्या. मी आपली त्यांनी दिलं तसं दाखवलं."

सगळा वर्ग मागे वळला. पाठ चांगले आहेत, हे थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण ते पटवायचं तर ते बटण कोणी दाबलं हेही सांगावं लागलं असतं, आणि पुढच्या बाकावर ती मुलगी अजून मुसमुसत होती.

"खरंच तुम्ही केलेत?" साहेबांनी विचारलं.

चारचौघांत हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती किती तडफडली होती.

"हो," थोरली म्हणाली. "चाळीसच्या चाळीस मीच केलेत."

साहेबांनी तिला पूर्ण नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.