ड्रममध्ये राहिलेली नळी

गनीभाईच्या धक्क्यावर मासे मरत होते, आणि गावाने गुन्हेगार ठरवलं तेही गनीभाईलाच. आता काय बोलावं!

धक्का म्हणजे फार काही नाही. नेवाशाच्या बाजूला धरणाचा फुगवटा जिथे गावाला टेकतो, तिथे दगड रचून होड्या लावायला केलेली जागा. तिच्या बगलेला पाणी संथ, म्हणून मासळी आडोशाला येते. कांद्याची फवारणी सुरू झाली त्या सुमारापासून ही मासळी मधूनच पोट वर करून तरंगायला लागली. पहिल्या खेपेला गावाने रीतसर कारखान्याला शिव्या घातल्या. पण कारखान्याचं पाणी आलं की नदीला रंग येतो, नाक धरावं लागतं आणि वरच्या गावांपासून मासे मरत येतात. इथे पाणी नितळ, आणि मेलेली मासळी फक्त धक्क्यापाशी.

मग ग्रामसभेत कारभारी उठला. कारभारी हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे; धक्क्याला लागून चढावर त्याचा मळा आहे. त्याने सरळ सांगून टाकलं की गनीभाई पाण्यात औषध टाकून मासे धरतो, त्याच्या होडीत आपण बाटली पाहिली आहे. बाटली होती डिझेलची. पण एकदा संशय आला की बाटलीचं झाकण उघडून कोण बघतो! पुढच्या सभेत गनीभाईच्या होड्या धक्क्यावरून उठवायच्या, असं ठरलं.

गनीभाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होड्या उठल्या तर खायचं काय, हे होतंच. त्याहून झोंबलं ते नाव. श्रीरामपूरच्या बाजारात त्याची मासळी त्याच्या नावावर खपायची, आणि तिथल्या व्यापाऱ्याने परवा पाटी उघडल्याबरोबर आधी वास घेतला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आणि हे करणारा कोण, तर कारभारी, ज्याच्याबरोबर तो ह्याच पाण्यात पोहायला शिकला. बायको मुमताज म्हणाली, एकदा जाऊन बोला. छे! कारभाऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवणार नाही, असा त्याने कानाला खडा लावला.

पण मासे कशाने मरतात हे त्याला शोधायचंच होतं. तो दिवसभर होडीत बसून पाण्याकडे बघत राही. गनीभाई माशांचा पोलीसपाटील झाला, अशी पोराटोरांनी टिंगल केली. त्याने कान दिला नाही.

आणि सोमवारी दुपारी त्याला दिसलं. कारभाऱ्याची मोटर धक्क्याच्या बगलेलाच पाण्यात बसवलेली. लाईट गेली, मोटर थांबली, आणि तिच्या तोंडातून भसाभसा उलटं पाणी आलं. दुधाळ, फेसाळ, नाक जाळणाऱ्या वासाचं. थोड्या वेळाने बारकी मासळी गिरक्या घ्यायला लागली.

गनीभाईने चढावर मळ्यातल्या ड्रमकडे पाहिलं आणि सगळं उलगडलं. कारभारी ड्रममध्ये फवारणीचं औषध ओतायचा आणि मोटरच्या पाण्याची नळी थेट ड्रमच्या तळाशी सोडून द्यायचा. पाण्याच्या जोराने औषध आपसूक ढवळलं जातं, काठी घेऊन उभं राहायला नको. इकडे सगळेच तसं करतात. आलेलं पाणी परत जाऊ नये म्हणून मोटरला एक झडप असते. ती शेवाळाने सारखी अडकते म्हणून कारभाऱ्याने काढून फेकली होती. त्यामुळे लाईट गेली की चढावरचं पाणी पाइपातून माघारी पळायचं आणि ड्रममधलं औषधही ओढून न्यायचं.

गनीभाई घरी आला तो हवेतच. मुमताजला म्हणाला, शुक्रवारी सभा आहे, अख्खं गाव धक्क्यावर उभं करतो आणि मोटर बंद करून दाखवतो. तोवर कुणापाशी ब्र काढायचा नाही. कारभाऱ्याला कळलं तर तो नळी काढून ठेवील, आणि आपण पडू खोटे. मुमताज म्हणाली, तोवर आणखी मासे मरतील त्याचं काय?

"मरू दे," गनीभाई म्हणाला.

सभेच्या आदल्या दुपारी तो धक्क्यावर जाळं सांधत बसला होता. लाईट गेली. उलटं पाणी आलं. त्याला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा. सहज त्याने वर मळ्याकडे पाहिलं. अंगणातल्या नळाखाली घमेलं ठेवून कारभाऱ्याची सून आरती बसली होती, मांडीवर उघडी तान्ही पोर. अंघोळ घालायला लाईटची वाट बघत होती. तो नळ ह्याच पाइपलाइनवरचा. मोटर ऑटोवर, म्हणजे लाईट आली की आपोआप सुरू होणारी. पाइपात उरलेलं औषध आधी त्या घमेल्यातच पडणार होतं.

गनीभाई जाळं टाकून पळत सुटला. त्या वयात तो चढ कसा चढला, त्याचं त्याला ठाऊक. पोरीला ते पाणी लावू नको, असं तो आरतीला दुरूनच ओरडून सांगत होता. धापा टाकत तो ड्रमपाशी गेला, कोपरापर्यंत हात बुडवून त्याने नळी ओढून बाहेर काढली. तेवढ्यात कारभाऱ्याने मागून त्याचं बखोट धरलं.

"घावला बगा," कारभारी कांद्यात खुरपणाऱ्या बायांना म्हणाला. "औषध चोरताना घावला. आता तरी पटलं का?"

बाया गोळा झाल्या. दम खात गनीभाईने सगळं सांगितलं, नळीचं, झडपेचं, उलट्या पाण्याचं. कारभारी हसला. म्हणाला, पुरावा दाखव. नळी तर जमिनीवर पडलेली. गनीभाईचा पुरावा त्याने स्वतःच्याच हाताने उपसून टाकला होता.

"पुरावा न्हाई माज्याकडं," गनीभाई म्हणाला. "आता लाईट यील. नळाचं पयलं पानी तुज्या नातीच्या अंगावर घाल. मी खोटा हाय ना, मग घाल."

कारभारी काही बोलायच्या आत खाली मोटर घरघरली. नळ फुसफुसला आणि घमेल्यात पांढरट पाणी पडायला लागलं.

कारभाऱ्याने बखोट सोडलं आणि तो धावला. घमेलं लाथेने उडवून त्याने नळ बंद केला आणि मूठ नळावर तशीच आवळून उभा राहिला.

"गनी," तो शेवटी म्हणाला, "आमी रोज ह्याच पान्यानं धुतोय रं तिला." मग एकदम काही सुचल्यासारखं त्याने मान वर केली. "तुला कवा कळलं ह्ये?"

माझ्या ध्यानात फक्त मासे आले, पोर आली नाही, असं गनीभाईला सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण तोंडातून एवढंच निघालं.

"सोमवारी."

आरतीने लेकीला पदरात गुंडाळलं आणि ती त्या दोघांपासूनही लांब जाऊन उभी राहिली.