झाड व्हायचं नाही

जेवताना माझ्या लेकीला, नव्वाराला, चमचा धरवेना. मी विचारलं, "काय गं, पडलीस कुठे?"

"नाही. हात दुखतात. मी झाड होते ना! झाडाने हात वर ठेवायचे असतात. रोज मीच असते."

कौतुकाने सांगत होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीतून गल्लीत डोकावले. इजिप्तमधल्या आमच्या दमियात शहरात घरोघरी लाकडाचे कारखाने, फळ्यांना तोटा नाही. पोरांनी फळ्या टाकून नदी केली होती. टॅबलेटवर एक कोंबडी मगरींना चुकवत नदी ओलांडते, तो खेळ गल्लीभर सगळ्यांना पाठ. मगर कोण, कोंबडी कोण, कोण बुडालं, नुसता कालवा! आणि माझी पाच वर्षांची पोर कडेला हात वर करून उभी. तिला खेळच ठाऊक नव्हता, मग पोरं तिला दुसरं काय देणार?

माझं टाळकंच सरकलं. ठाऊक असणार कसा? घरात टॅबलेट आणायचा नाही, हा सासऱ्यांचा हुकूम. निवृत्त हेडमास्तर ते. रोज कहवाखान्यात मिरवायचे, "माझ्या नातीने स्क्रीनला बोटसुद्धा लावलेलं नाही!" नवरा त्यांच्यापुढे ब्र काढत नाही.

मी पोरीला घेऊन तडक शेजारच्या राव्याकडे गेले. "तुझ्या लेकाचा टॅबलेट दे गं, अर्धा तास."

"तुझ्या सासऱ्यांना, हाज शौकींना, कळलं तर?"

"कळू दे."

पहिल्यांदा कोंबडी बुडाली तेव्हा नव्वाराने भोकाड पसरलं. मग डोळे पुसून पुन्हा बसली. थोड्या वेळाने मगरीला दम भरायला लागली, "थांब मेले, तू वळलीस की मी उडी मारते!" अर्धा तास झाल्यावर मी टॅबलेट काढून घेतला. थयथयाट केला तिने. म्हटलं, कर. उद्या पुन्हा.

शुक्रवारी सासरे बाल्कनीत उभे राहिले आणि ओरडले, "इन्शिराह! ही पोरगी फळ्यांवर काय नाचतेय? कुणी शिकवली ही थेरं?"

"मी. टॅबलेटवर."

"या यंत्रांनी मुलांचा खेळ मारला म्हणून मी घसा फोडतो, आणि माझ्याच घरात..."

"खाली बघा ना बाबा! मेलेला दिसतो का खेळ? तुमच्या मिरवण्यापायी माझी लेक त्यातून बाहेर पडली होती. रोज हात वर करून उभी राहायची. आता नाही राहणार."

ते लालबुंद झाले. "तिला वर बोलाव. उद्यापासून खाली जाणं बंद."

"मी नाही बोलावणार."

"मग मी बोलावतो." कठड्यावर वाकून ते गरजले, "नव्वारा! वर ये!"

 आजोबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

तिने मान वर केली. केस विस्कटलेले, गुडघा खरचटलेला.

"आत्ता नाही, आजोबा!" ती ओरडली. "सगळे माझ्यासाठी थांबलेत!"