शीतलबापूंची न जळणारी चुंदडी

"बघा, नीट बघा! अग्नी माझा मावसभाऊ लागतो. घरच्या माणसाला कुणी जाळतं का?"

सुरतच्या कापड मार्केटच्या चौकात शीतलबापूंनी लाल सुती चुंदडी, देवीला वाहतात तशी ओढणी, उंच धरली आणि तिच्या टोकाखाली दिवा नेला. ज्योत कापड चाटत राहिली. टोक काळवंडलं, पण पेट घेईना. हमालांनी गाड्या सोडल्या, दलालांनी कानाचे फोन खाली घेतले. बापूंच्या नावाचा एकच गजर झाला.

"सत्तर दुकानांना चुंदडी बांधली मी या मार्केटात. एकोणसत्तर सुखरूप! आणि सत्तरावं?" बापूंनी गर्दीतल्या जयंतीभाईंकडे बोट केलं. "यानं चुंदडी दक्षिणेला टांगली. मग मावसभाऊ रागावणार नाही तर काय पेढे वाटणार?"

लोक हसले. जयंतीभाईसुद्धा हसले. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं दुकान जळालं, तेव्हा विमाही संपलेला होता. चुंदडी असताना विमा कशाला, म्हणून त्यांनी तो वाढवलाच नव्हता. आता ते दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवायचे.

फाल्गुनी जिन्याशी उभी होती, आठ महिन्यांच्या मीतला कडेवर घेऊन. आगीच्या दिवशी ती सासऱ्यांचा डबा घेऊन आली होती. मीतच्या तोंडावर ओला रुमाल दाबून ती याच जिन्यावरून धुरातून उतरली. तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, भीती नाही. हात आपली कामं करत राहायचे. दूध, अंघोळ, गॅसचं बटण तीनदा बघणं.

सासरे, रमणीकलाल, नवी चुंदडी कपाळाला लावत आले. मागून विम्याचे केर्सीकाका कागद हलवत धापा टाकत होते.

"रमणीक, उद्या दुपारी तुझी मुदत संपते रे बाबा!"

"संपू दे. तुझा विमा आग थांबवतो का? हे थांबवतं."

केर्सीकाका घाम पुसत राहिले. "नाही थांबवत. मी कुठं म्हणालो थांबवतो?"

फाल्गुनीनं वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर त्यांचा सगळा माल होता. घराची चूल, मीतची शाळा, सगळं त्या एका दुकानात गासड्या बांधून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढच्या ताटातली चुंदडी मीतनं ओढली आणि एक टोक तोंडात कोंबलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. लगेच तो भडाभडा ओकला, चुंदडीवरच.

मुलाच्या तोंडात काय गेलं ते आधी आपण चाखून बघायचं, ही फाल्गुनीची सवय. तिनं टोकाचा कोरडा भाग जिभेला लावला. जीभ आकसली. ही चव तिला लहानपणापासून ठाऊक होती: वडील दाढी झाल्यावर गालावर फिरवायचे तो खडा. तुरटी.

तिनं ते टोक पाण्यात चांगलं चोळलं, इस्त्रीनं वाळवलं. एक धागा ओढून मोरीत काडी लावली. धागा क्षणात जळून गेला. दुसऱ्या, न धुतलेल्या टोकाचा ओढला. तो नुसताच काळा पडला.

बारा वाजता बापू रमणीकलालांच्या दुकानात चुंदडी बांधायला आले. बघ्यांत जयंतीभाई होते. केर्सीकाका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले, उठायला तयार नव्हते.

"पप्पा, बांधायच्या आधी एक धागा जाळून बघा," फाल्गुनी सासऱ्यांना म्हणाली.

"बेटा, देवाचं कापड आहे ते!"

"कापड कशाचं ते कळायला तुम्ही दारात आलेल्या प्रत्येक ताग्याचा धागा जाळून बघता. सख्ख्या भावाच्या मिलमधून आलेल्याचासुद्धा. चाळीस वर्षांत न जाळता घेतलेलं हे एकच कापड."

"मीत हिच्यावर ओकला, म्हणून हे टोक मी धुतलं," म्हणत तिनं ते पुढे करून काडी ओढली. भपकन ज्वाळा उठली. नोकरानं पाण्याची बाटली ओतली.

"बाईनं विटाळली!" बापू गरजले. "ओकारी लागली तिला! शक्ती निघून गेली!"

"मग दुसरं टोक तुम्हीच धुवा, बापू. तुमच्या हातानं, तुमच्या कमंडलूतल्या पाण्यानं. शक्ती असेल तर राहील. तुरटी असेल तर जाईल."

बापूंनी कमंडलू मागे घेतला. "अग्नीची परीक्षा घ्यायची नसते, मुली."

"काल चौकात तुम्हीच तर घेत होता!" जयंतीभाई दारातून म्हणाले.

रमणीकलालांनी दुसरं टोक चाखलं. दुसऱ्या बाटलीच्या पाण्यात ते पुन्हा पुन्हा पिळलं. साड्यांच्या इस्त्रीखाली दाबलं. मग रोजच्या सवयीनं धागा ओढला, काडी लावली, राख बोटांत चुरून हुंगली.

"कॉटन," ते म्हणाले. "शुद्ध कॉटन."

बापू जिन्याकडे वळले. "अहो मावसभाऊ, थांबा की!" कुणीतरी ओरडलं. ते थांबले नाहीत.

"पण एकोणसत्तर दुकानं वाचली ना?" नोकरानं विचारलं.

"मार्केटात पाचशे दुकानं आहेत," फाल्गुनी म्हणाली. "बाकीच्या चारशे तीसांना कुणी चुंदडी बांधली नव्हती. तीही वाचली. आग रोज सगळीकडे लागत नसते. कुठं लागेल ते कळत नाही, एवढंच."

"आणि म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं एकत्र टाकायचं," केर्सीकाका उठले, "ज्याचं जळेल त्याला त्यातून उभं करायचं. यात चमत्कार बिमत्कार काही नाही रे बाबा."

रमणीकलालांनी फॉर्म भरायला घेतला. मालाच्या किमतीशी त्यांचा पेन अडखळला.

"अर्धी लिहू? हप्ता कमी बसेल."

"अर्धी लिहिलीत तर भरपाईही त्याच हिशेबात कापतात. पूर्ण लिहा, पप्पा."

"माझी चुंदडी दक्षिणेला नव्हतीच," जयंतीभाई हळूच म्हणाले. "पूर्वेला होती. मीच विसरलो होतो."

कुणी हसलं नाही. जळक्या सुताचा वास फाल्गुनीच्या नाकात शिरला आणि तिनं मीतला छातीशी घट्ट धरलं. दोन महिन्यांनी तिला भीती वाटत होती. तिनं ती वाटू दिली.

बापू सांगतो, आग लागणारच नाही. विमावाला सांगतो, लागली तर काय करू. या दोघांत खरं बोलणारा कोण, हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही. रोज धंद्यात वापरता तीच अक्कल पुरते. देवाच्या नावानं काहीही हातात आलं, तरी आधी एक धागा ओढा आणि काडी लावा.