नावानं हाक

निलंग्याच्या स्टँडवर सरजाबाई पाणपोई चालवायची, म्हणजे दुष्काळात चालेल तितकी. लातूर वेगळा जिल्हा झाला, साहेब वाढले, नळाला मात्र पाणी आलं नाही. रोज टँकरपुढं भांडून दोन घागरी मिळवायच्या आणि दिवसभर पुरवायच्या. ती ख्रिस्ती. नवऱ्यानं टाकल्यापासून चर्चच्या आवारात एका खोलीत राहायची. आल्यागेल्याला बायबलातल्या गोष्टी सांगायची. लोक पाणी पिऊन होईस्तोवर ऐकायचे.

त्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा एक बाई लहानग्या लेकीला घेऊन बाकड्यावर बसली होती. सरजाबाईनं पाणी दिलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. नवऱ्याच्या थोरल्या बायकोला, उमाबाईला, मूल होईना म्हणून हिला बिदरकडून दुसरी बायको करून आणलेली. हिला मुलगी झाली आणि पाठोपाठ थोरलीलाच मुलगा. मग घरात ह्या मायलेकी नकोशा झाल्या. संध्याकाळच्या गाडीनं न्यायला येतो, असं सांगून नवरा सिद्धलिंग तिला इथं बसवून गेला होता. ती संध्याकाळ कालची होती.

नाव विचारलं तर म्हणाली, "धाकटी म्हणतेत."

 सरजाबाईनं बायबलातली हागारेची गोष्ट काढली. मूल हवं म्हणून सारेनं आपली दासी हागार नवऱ्याच्या हवाली केली आणि स्वतःला मुलगा झाल्यावर तिला लेकरासकट रानात हाकललं. जवळचं पाणी संपलं. लेकरू मरताना बघवेना, म्हणून हागार लांब जाऊन रडत बसली. तेव्हा देवानं तिला विहीर दाखवली.

"मंग घरी न्हेलं का तिला?"

इथं थाप मारणं सोपं होतं. सरजाबाईला ती मारवली नाही.

"न्हाई गं. पर त्या घरात समदे तिला दासीच म्हणायचे. नावानं हाक देवानंच मारली, रानात."

 मग बाईनं माहेरचं नाव सांगितलं, रत्नम्मा. लग्नात ते बदललं आणि बदललेलंही कुणी कधी घेतलं नाही. सांगताना तिला रडू कोसळलं.

संध्याकाळची गाडी आली. रत्नम्मा लेकीला घेऊन दाराशी गेली, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत राहिली. गाडी रिकामी झाली, पुन्हा भरली आणि निघूनही गेली. सरजाबाईला देवाचा रागच आला. विहीर दाखवतो आणि माणसं मात्र आहेत तशीच ठेवतो.

"रत्नम्मा, चल घरी," ती म्हणाली.

रत्नम्मा रस्त्याकडं तोंड करून उभीच. सरजाबाईनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. तेव्हा कुठं, कुणाला हाक मारतायत ते बघायला ती मागं वळली.