प्रेमलाचं पान

शिंगराच्या मानेत दोर रुतला होता. बांधला तेव्हा ते लहान असणार. मान वाढत गेली, दोर तेवढाच राहिला. डॉक्टर उल्का मॅडम तो कापून काढत होत्या, तेव्हा शिंगराचं डोकं हिंदुरावांनी मांडीवर धरलं होतं. वास सहन होत नव्हता. पण शिंगरू हललंसुद्धा नाही. हलायला अंगात काही उरलंच नव्हतं.

खराडीत, एका आयटी कंपनीच्या मागे, पत्र्याच्या कुंपणाआड रिकामा प्लॉट होता. वरातीला घोडी देणाऱ्या कुणीतरी ते तिथे बांधलं आणि सोडून दिलं. वर नवरदेव बसवण्याएवढं ते मोठं नव्हतं, म्हणजे कामाचं नव्हतं. वरच्या मजल्यांच्या काचांतून ते रोज शेकडो माणसांना दिसत असणार. शेवटी एका वॉचमनने फोन केला, आणि ते लोहगावच्या पुढच्या आसऱ्यात आलं. टाकलेली, आजारी जनावरं तिथे ठेवत. तो प्लॉट म्हणजे एके काळी हिंदुरावांच्या चुलत्याचं ज्वारीचं रान होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बायको गेल्यापासून हिंदुराव रोज सकाळी स्कूटरवरून आसऱ्यात येत. शेण काढत, पाणी भरत, संध्याकाळी घरी जात. फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. मुलगा विश्वजीत आणि सून तेजस्विनी दोघंही नोकरीला. टीव्हीसमोर बसून राहण्यापेक्षा शेण बरं.

"काका, हे आता भुकेने मरणार नाही," मॅडम हात धुता धुता म्हणाल्या. "मेलं तर खाण्याने मरेल. उपाशी अंगाला एकदम गोडधोड मिळालं की आतलं सगळं कोसळतं. भिजवलेला लसूणघास, मूठभर, थोड्या थोड्या वेळाने. दाणा नाही, गूळ नाही, पोळी नाही. ते मागेल, तुमच्याकडे बघेल. द्यायचं नाही."

"न्हाई देणार," हिंदुराव म्हणाले.

आसऱ्याची सगळी व्यवस्था शमशुद्दीन पाहत. त्यांचे वडील येरवड्याला टांगा हाकत. शमशुद्दीननी प्लायवूडचा एक तुकडा आणि रंगाचा डबा आणून दिला.

"पाटी लावा दारावर. पुण्यात पाटी लावल्याशिवाय कुणी ऐकत नाही. लावली तरी ऐकत नाहीत, पण आपल्याला बोलता येतं."

"काय लिहू?"

"लिहा, याला खायला घालू नये. पुण्य कमवायचं असेल तर आत येऊन शेण काढावे."

हिंदुराव हसले. पण पाटी त्यांनी लिहिली नाही. तुकडा चाऱ्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला. शमशुद्दीन विचारत, "पाटी?" हे म्हणत, "लिहितो." मग विचारणंही थांबलं.

प्रेमलाच्या खाटेच्या डोक्याशी अशीच पाटी होती. 'तोंडावाटे काहीही देऊ नये.' आतड्याचा आजार होता, नाकातून नळी होती. प्रेमला फार काही मागणारी बाई नव्हती. ती चहा मागायची. "बशीतून घोटभर द्या हो. कोन बघतंय?" हिंदुराव म्हणायचे, "डॉक्टर नको म्हणालेत. बरी झालीस की कपभर पी." मग तिने मागायचं सोडलं. मागायचं सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. झाडावर दहा कावळे बसलेले, एक खाली येईना. विश्वजीत म्हणाला, आई, बाबांकडे लक्ष देईन. तेजस्विनी हात जोडून म्हणाली, आई, देवघर मी सांभाळीन. भावजयी काय काय बोलल्या. तिचं काय राहिलं होतं ते हिंदुरावांना ठाऊक होतं, आणि चारचौघांत बोलायची लाज वाटत होती. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून विधी उरकला. तेजस्विनीच्या मनाला ते फार लागलं. सासू आपल्यावरच नाराज होऊन गेली, असं तिने धरलं. हिंदुरावांनी तिला काही सांगितलं नाही.

आता पाटी लिहायची म्हणजे हाताने तेच लिहायचं. त्यांच्याने झालं नाही. त्याऐवजी ते स्वतःच दारात बसून राहिले. मूठ-मूठ घास देत, जखमेवरच्या माश्या वारत. हे जगलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

आणि ते जगायला लागलं. आधी स्कूटरच्या आवाजाला कान वळला. मग ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं, भिंतीला अंग टेकून, पण उभं. एकदा घास संपल्यावर त्याने रिकामी मूठ चाटली आणि हिंदुरावांच्या शर्टाला तोंड लावलं.

"मागायला लागलं," मॅडम म्हणाल्या. "हे चांगलं आहे. आता जास्त जपा. हेच दिवस वाईट."

त्याच आठवड्यात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान पितृपंधरवड्यात त्या दिवशी वाढतात. वर्षश्राद्ध झाल्यानंतरची प्रेमलाची ही पहिलीच नवमी. तेजस्विनीने रजा काढली, सगळा स्वयंपाक स्वतः केला. पुरणपोळ्या, वडे, खीर, भात. पान गॅलरीत ठेवलं. अकराव्या मजल्यावरची गॅलरी, तिला कबुतरांसाठी जाळी लावलेली. विश्वजीतने जाळीचं एक टोक सोडलं. दोन कबुतरं आत शिरली, घाण करून गेली. कावळा आला नाही.

"गायीला घालू," तेजस्विनी म्हणाली. "बाबांच्या आसऱ्यात गाय आहे ना. चालतं तसं, मी विचारलंय."

दुपारी ती गाडी घेऊन आली. एका हातात झाकलेलं पान, दुसऱ्या हातात डबा भरून पोळ्या, बाकीच्या जनावरांना म्हणून. हिंदुराव पान घेऊन गायीकडे गेले. गायीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"कशी खाईल?" शमशुद्दीन पलीकडून म्हणाले. "सकाळपासून सगळ्या खराडी-वाघोलीचे पितर हिच्याच पोटात गेलेत. तिलाही माणसासारखं अजीर्ण होतं."

हिंदुरावांनी पान पुन्हा पुढे केलं. गाय मागे सरकली. एक वर्ष, तीन ठिकाणं, आणि प्रेमलाच्या पानाला कुणी तोंड लावत नव्हतं. ते तसेच पान धरून उभे राहिले.

तेवढ्यात शिंगरू खिंकाळलं. आवाज बारीक, फाटका, पण खिंकाळलंच. पोळ्यांचा वास त्याला लागला होता.

तेजस्विनी त्याच्या दाराशी पोचली होती. दारावर पाटी नव्हती. तिने डबा उघडला, एक पोळी तळहातावर ठेवून पुढे केली. शिंगराने ती क्षणात घेतली. दुसरी घेतली.

हिंदुराव आवाज पोचेल एवढ्या अंतरावर होते. 'थांब' हा शब्द तोंडात आला होता. मग तेजस्विनीने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बाबा, बघा ना. आई जेवतायत."

ते ओरडले नाहीत. एवढ्या दिवसांत त्यांनी ना प्रेमलाला ना शिंगराला घोटभर जास्त दिलं होतं, ऐकलं होतं सगळं, आणि ऐकून काय हाती लागलं होतं? एक पोळी, दोन पोळ्या. काय होतंय, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला, खरं तर तेही मनात आलं नाही. ते नुसते पाहत राहिले. शिंगरू खात होतं, घाईघाईने, मान ताणून, जखमेची पट्टी सैल होईपर्यंत. शमशुद्दीन बादली टाकून धावत आले, तोवर डबा रिकामा झाला होता.

"बस झालं, ताई," ते एवढंच म्हणाले. तेजस्विनीला वाटलं, ते कौतुकाने म्हणतायत. डबा तिथेच विसरून ती आनंदाने घरी गेली.

चहाच्या वेळेला शिंगरू स्वतःच्या कुशीकडे वळून वळून पाहू लागलं. मग पुढच्या पायाने जमीन उकरू लागलं. मग बसलं, उठलं, पुन्हा बसलं. अंगाला घाम फुटला. मॅडम खडकीला एका घोड्याला पाहत होत्या, तिथून आल्या. नाकातून नळी घातली. नळी घालताना हिंदुरावांनी डोकं धरलं आणि दुसरीकडे पाहिलं. सलाईन लावलं. मॅडम म्हणाल्या, फिरवा, झोपू देऊ नका. हिंदुराव आणि शमशुद्दीन दोन बाजूंनी आधार देऊन त्याला आवारात चालवत राहिले. पाय लटपटत होते. एका खेपेला ते थांबलं, हिंदुरावांच्या शर्टाला तोंड लावलं, आणि गुडघ्यांवर बसलं. पुन्हा उठलं नाही. अजून पुरता अंधारही पडला नव्हता.

मॅडमनी स्टेथोस्कोप काढला. "कुणी घातलं?"

"मी," हिंदुराव म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं, काका."

"सांगितलं व्हतं."

त्या सामान आवरून गेल्या. शमशुद्दीननी शिंगरावर पोतं टाकलं. मग नळाकडे गेले आणि स्टीलचा डबा घेऊन परत आले.

"हा राहिला होता. धुतलाय."

"शमशुद्दीनभाई, पोरीला..."

"मला काय माहीत? मी गायीकडे होतो." ते पोत्याचं टोक नीट करत म्हणाले. "पण पाटी लावली असती, हिंदुराव, तर तिने वाचली असती. तुमची सून वाचणाऱ्यांतली आहे."

गेटपाशी स्कूटर काढताना फोन वाजला.

"बाबा, डबा तिथे राहिला का?"

"हाय माझ्याजवळ."

"बरं. बाबा, मला आज इतकं हलकं वाटतंय. वर्षभर मला वाटत होतं, आई माझ्यावर रागावून गेल्या. आज जेवल्या ना?"

हिंदुरावांनी मागे पाहिलं. पोत्याखालून एक खूर बाहेर राहिला होता.

"जेवली," ते म्हणाले. "पोटभर."

"आणि ते पिल्लू कसं आहे? रविवारी येते मी, त्याच्यासाठी काय आणू?"

"काही आणू नको. त्याला दुसरीकडं नेलंय."

फोन ठेवून त्यांनी स्कूटर बंद केली. मग उतरले. चाऱ्याच्या खोलीतून प्लायवूडचा तुकडा काढला, रंगाचा डबा उघडला. वर साय धरली होती, ती काडीने बाजूला केली. दिव्याखाली उकिडवे बसून त्यांनी लिहिलं, 'खायला काहीही देऊ नये.' अक्षर वाकडं आलं. रंग ओला असतानाच त्यांनी पाटी शिंगराच्या दाराला तारेने बांधली. आत भिजवलेला घास तसाच पडला होता.